दोरिकाच्या कोंबड्या आणि पाहुण्यांचा पेटा

मरागोलीच्या टेकड्यांवर जमीन इतकी तोकडी, की एका घरात कांदा चिरला तर शेजारणीच्या डोळ्यांत पाणी येतं. दोरिका आणि तिची धाकटी जाऊ बेलिसी यांच्या चुलींमध्ये मोजून अकरा पावलं. मध्ये केळीची एक रांग आणि त्या रांगेला टेकून दोरिकाचं खुराडं. सगळं रामायण घडलं ते या खुराड्यावरून.

दोरिका साठीची, उंच, काटक बाई. नवरा झकायो जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक मोंबासाला गोदीत कामाला, वर्षातून एकदा तोंड दाखवणारा. घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ती कोंबड्यांशी बोलायची, आणि नुसती बोलायची नाही तर त्यांना रागे भरायची, विचारपूस करायची, कधीकधी माफीसुद्धा मागायची. प्रत्येकीला तिने गावातल्या एकेका बाईचं नाव ठेवलं होतं. सगळ्यात जास्त कटकट करणाऱ्या तांबड्या कोंबडीचं नाव काय असेल, ते सांगायला नकोच. बेलिसीला ते माहीत होतं. तीही काही कमी नव्हती. ती आपल्या म्हाताऱ्या गायीला "दोरिका, सरक तिकडे" असं केळीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

पूर्वी दोरिकाकडे तीनच कोंबड्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या असतात तशा स्वयंपाकघरात टोपलीखाली झोपायच्या. मग बायकांच्या मंडळाने तिला सुधारित जातीची बारा पिल्लं दिली. अकरा कोंबड्या निघाल्या आणि एक कोंबडा, पांढराशुभ्र, स्वतःवर फार खूश. एवढी वरात स्वयंपाकघरात मावेना. दोरिकाने मागे खुराडं बांधलं आणि नेमका मोठा पाऊस सुरू झाला. शीट ओली, भुसा ओला, पाण्याचं भांडं रोज उपडं. आठवड्याभरात माश्या झाल्या. पंधरा दिवसांत तर बेलिसीच्या ताटातली उगाली काळी दिसायला लागली.

"जाऊबाई, मी मक्याच्या पिठाची उगाली रांधते. तुमच्या माश्या ती नाचणीची करून टाकतात," बेलिसी केळीपलीकडून म्हणाली.

"माझ्या कशाने? त्यांच्यावर माझं नाव लिहिलंय का?"

"तुमच्याकडे जन्मतात आणि माझ्याकडे जेवायला येतात. सोयरीक जोडल्यासारखं चाललंय."

सोयरिकीचा विषय खराच निघाला होता. बेलिसीची थोरली लेक कादेसा हिला शाळामास्तर असलेल्या एका मुलाने पसंत केलं होतं आणि त्याच्या घरची माणसं महिन्याभरात बोलणी करायला येणार होती. दीर एनोस एकदा सकाळीच दोरिकाच्या दारात येऊन उभा राहिला. एनोस तसा मऊ माणूस, पण बायकोने पाठवलं की ताठ उभा राहायचा.

"वहिनी, पाहुणे आमच्या अंगणात बसणार. माश्या अशाच राहिल्या तर ताटाला हात लावायच्या आधी उठून जातील. तोवर माश्या गेल्या नाहीत तर कोंबड्या घालवाव्या लागतील."

"सगळ्या?"

"सगळ्या," एनोस जमिनीकडे बघून म्हणाला.

दोरिकाने त्या दिवशी कोंबड्यांना काही सांगितलं नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही. एवढ्या जिवांची बडबड थांबली की त्या घरात किती शांत वाटेल, हे तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी तिने ते एकदा अनुभवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती माश्यांच्या मागे लागली. ती काही शिकलेली नव्हती, पण बघायची फार. ओल्या शिटेत बोट घालून तिने अळ्या पाहिल्या, कोरड्या शिटेत एकही दिसली नाही. तेवढं पुरलं. पाण्याचं भांडं तिने सपाट दगडावर ठेवलं, म्हणजे सांडायचं थांबलं. खुराड्याच्या छपराला केळीच्या पानांची वळचण केली. सुताराकडून लाकडाचा कोरडा भुसा आणून जाड पसरला आणि दर तिसऱ्या दिवशी शीट खरवडून दूर खड्ड्यात टाकायला लागली, वर मातीचा थर. भुसा चिकट झाला की उपसायची. बेलिसीच्या गायीच्या शेणाचा ढीग होता, त्याच्यावर ती सकाळी कोंबड्या सोडायची. त्या उकरून उकरून अळ्या फस्त करायच्या. आणि पार कुंपणाच्या टोकाला, अवोकाडोच्या झाडाला, तिने प्लास्टिकच्या दोन बाटल्या टांगल्या. आत सडलेली मासळी आणि पाणी, वरच्या बाजूला भोकं. माशी आत जायची, बाहेर यायची नाही.

"वास काय सुटलाय तो," बेलिसी नाक धरून म्हणाली.

"तो माश्यांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. म्हणून तर लांब टांगलाय. खुराड्याशी टांगला असता तर गावभरच्या माश्या इथेच आल्या असत्या."

कादेसा मात्र हसत यायची. "मोठी आई, मी करते," असं म्हणून फावडं हातातून घ्यायची. लग्न ठरत असलेल्या मुलीने शीट खरवडावी हे आईला पटत नव्हतं, पण ती मुलगी लहानपणापासून निम्मी याच घरात वाढली होती. दोन आठवड्यांत माश्या अर्ध्यावर आल्या, तिसऱ्यात आणखी कमी झाल्या. पण संपल्या नाहीत. आधीच्या अळ्यांतून निघायच्या त्या निघतच होत्या. "अजून आठवडाभर," दोरिका म्हणायची. आठवडा बेलिसीकडे नव्हता. पाहुणे शनिवारी येणार होते.

गुरुवारी दोरिका बाजाराला गेली. परत आली आणि बघते तर खुराड्यात माशी नावाला नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नऊ वर्षांत इतकं बरं तिला वाटलं नव्हतं.

"बघितलंस?" ती केळीपलीकडे म्हणाली. "म्हणत होते ना, धीर धर."

"हो जाऊबाई," बेलिसी म्हणाली. "तुमचं खरं झालं."

एवढ्या गोडीत बेलिसी कधी बोलत नाही, हे दोरिकाच्या लक्षात यायला हवं होतं. पण कौतुक झालं की माणूस जरा आंधळं होतं. त्याच आनंदात तिने पांढरा कोंबडा देऊन टाकला. "कादेसाच्या पाहुण्यांना माझ्या घरचा कोंबडा," ती एनोसला म्हणाली. एनोसने दोनदा टोपी काढली आणि घातली.

शनिवारी सकाळी दोरिकाने कोंबडा कापला. पिसं काढली, तुकडे केले. आमच्याकडे पाहुण्यापुढे कोंबडी जाते ती पूर्ण जाते. प्रत्येक तुकडा कोणाचा ते ठरलेलं असतं आणि पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटात दाणे दळणारा तो टणक गोळा, तो सगळ्यात मानाच्या पुरुषाचा. पेटा दिसला नाही तर पाहुणा ताट सारून उठतो आणि सोयरीक तिथेच मोडते. बाईमाणसाने पेटा साफ करायचा, शिजवायचा, वाढायचा. खायचा नाही. दोरिकाने चाळीस वर्षांत शेकड्यांनी पेटे साफ केले असतील. चव माहीत नव्हती, पण आतून तिला पेटा जेवढा ठाऊक होता, तेवढा तो खाणाऱ्या एकाही पुरुषाला नसेल.

तिने पेटा चिरला आणि तिचा हात थांबला.

आत मक्याचे दाणे होते, खडे होते आणि मूठभर माश्या होत्या. जिवंत माश्या कोंबड्याला दिवसाकाठी पाच-दहा सापडतात, त्याही नशिबाने. मूठभर सापडतात त्या मेलेल्या, जमिनीवर पडलेल्या. तिने पेटा नाकाजवळ नेला. तो वास तिला चांगला माहीत होता. दर पंधरवड्याला बेलिसीच्या गोठ्यातून यायचा. गुरुवारीही आला होता, पण तो तिला गोठ्यातलाच वाटला होता.

पेटा हातात धरूनच ती खुराड्याकडे गेली. दोन कोंबड्या कोपऱ्यात पंख पाडून बसल्या होत्या. तांबडी बेलिसी मान खाली घालून उभी होती, कटकट न करता.

"बेलिसी, इकडे ये," तिने केळीपलीकडे हळू हाक मारली. "गुरुवारी तू इथे काय मारलंस?"

बेलिसीने पेट्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "गोचिडांचं औषध. थोडंच उरलं होतं, जाऊबाई. भुश्यावर मारलं. गायीच्या अंगावर मारतो आणि तिचंच दूध पितो ना आपण? मला वाटलं, गायीला चालतं तर कोंबडीला काय होतंय."

"गाय मेलेल्या गोचिडी खात नाही गं. कोंबडी माशी खाते."

बेलिसी एकदम म्हणाली, "शिजवल्यावर जाईल ना ते? चांगलं तासभर उकळू."

"माशी शिजते. औषध शिजत नाही."

"दुसरी कोंबडी कापू."

"त्याही तेच खाऊन बसल्यात."

"मग शेजारून आणू."

"ते बघ," दोरिका म्हणाली. खाली चहाच्या मळ्याच्या वाटेवर छत्र्या दिसत होत्या. पाहुणे आले होते.

बेलिसी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "माझ्या हाताने मोडलं मी पोरीचं." दोरिकाला तिचा राग आला होता, फार राग आला होता. कोपऱ्यातल्या कोंबड्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. पण कादेसा आत डोक्याला बांधायच्या नव्या रुमालाच्या गाठी पुन्हा पुन्हा बांधत होती, तीही दिसत होती. "तोंड धू," दोरिका म्हणाली. "आणि घेवडा चढव. जास्त घाल."

मुलाचे आजोबा अंगणात मानाच्या खुर्चीत बसले. ताटं आली. उगाली, घेवडा, हिरवी भाजी, विरजलेलं दूध. कोंबडी नव्हती. आजोबांनी ताटाकडे पाहिलं, मग एनोसकडे. एनोसला कोणी काही सांगितलंच नव्हतं, तो आपल्याच टोपीकडे बघत बसला. आजोबांनी काठी हातात घेतली आणि त्यांच्याबरोबरची माणसं खुर्च्या सरकवायला लागली.

तेव्हा दोरिका पुरुषांमध्ये आली. हातात वाडगा होता. तिने गुडघे टेकले आणि वाडगा आजोबांच्या पुढ्यात ठेवला.

"तुमचा पेटा आहे, आजोबा. कापलाय, शिजवलेला नाही. आधी बघा, मग उठा."

पेटा कच्चा आणि तोही एका बाईने असा आणून ठेवलेला, हे त्या अंगणात कोणी पाहिलं नव्हतं. आजोबा वाकले. बराच वेळ त्यांनी पाहिलं, मग हुंगलं. ते आयुष्यभर गुरं राखलेले गृहस्थ होते, दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

"कोणी मारलं हे?"

"कोंबड्या माझ्या, खुराडं माझं," दोरिका म्हणाली. "लक्ष ठेवायला मी कमी पडले. मुलीचा यात दोष नाही. आणि हे तुमच्या ताटात घालून मान राखायचा, असला मान मला राखता येत नाही."

"मी मारलं," दारातून आवाज आला. बेलिसी कमरेच्या फडक्याने हात पुसत उभी होती. "जाऊबाईंना माहीतही नव्हतं. त्या सरळ करत होत्या, मलाच घाई झाली."

आजोबांनी काठी भिंतीला टेकवली आणि उगालीचा घास मोडला.

"चार गावांत मी जेवलोय," ते घास चावत म्हणाले. "मला न जेवू घालून वाचवणारं घर हे पहिलंच. घेवडा वाढ गं, पोरी." कादेसा वाढायला धावली आणि घाईत तिने अर्धा घेवडा त्यांच्या विजारीवर सांडला. तेव्हा कुठे सगळे हसले.

त्या आठवड्यात तीन कोंबड्या मेल्या. गुरांच्या डॉक्टरने येऊन बघितलं आणि आपण परत येऊन सांगेपर्यंत एक अंडं तोंडात घालायचं नाही, असं बजावलं. दोरिका रोज अंडी पुरायची. सगळा भुसा उपसून खोल गाडला, नवा घातला. तांबडी मात्र जगली. तिला बेलिसीने आपल्या स्वयंपाकघरात टोपलीखाली ठेवलं होतं, चिमणीसारखं थेंब थेंब पाणी पाजत होती. आठव्या दिवशी ती कोंबडी कटकट करायला लागली. बेलिसी अकरा पावलं पळत आली आणि म्हणाली, "जाऊबाई, मी बोलायला लागले." दर तिसऱ्या दिवशीची शीट आता तीच खरवडत होती, न सांगता. माश्या होत्या, पण खुराडं म्हटलं की असायच्या तेवढ्याच.

दोन महिन्यांनी पाहुणे बोलणी पुरी करायला आले. या वेळी कोंबडी होती, डॉक्टरने हो म्हटल्यावरच कापलेली, दोरिकाच्या हातची, आणि पेटा आजोबांच्या ताटात. स्वयंपाकघरात दोघी जावा चुलीपाशी बसल्या होत्या. कादेसा एक बशी घेऊन आत आली. बशीत पेट्याचा अर्धा तुकडा होता, नीट कापलेला.

"आजोबांनी पाठवलाय. म्हणाले, ज्या बाईने पेटा उघडून बघितला तिला."

दोरिका बशीकडे बघत राहिली. झकायोला ती तीस वर्षं पेटा वाढत होती. चव घेतेस का, असं त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं आणि तिलाही मागावंसं नाही. तिने डोळे पुसले, तुकड्याचे दोन केले, एक तोंडात घातला. चावला. आणखी चावला.

"कसा आहे?" बेलिसीने विचारलं.

"कडक," दोरिका म्हणाली. "एवढ्यासाठी काठी घेऊन उठतात होय गं हे लोक?"

आणि उरलेला तुकडा तिने बेलिसीच्या हातावर ठेवला. बेलिसीने तो आधी नाकाशी नेला, नीट हुंगला आणि मगच खाल्ला.