नाव नसलेला हॉर्न

"नाव काय लिहू?" काकू विचारायच्या.

समोरचा मुलगा गोंधळायचा. त्याने शेजारच्या कार डेकोरमध्ये नुकतंच नव्या गाडीचं कंपनीचं स्टिअरिंग काढून तिथे लाल शिलाईचं जाडजूड स्टिअरिंग बसवून घेतलेलं असायचं. जुनं, म्हणजे चार दिवसांचं, काकूंच्या टेबलावर टाकून त्याला पळायचं असायचं.

"लिखना क्या है काकी, बेच दो."

काकू ते दोन्ही हातांनी उचलायच्या, पदराने पुसायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, "नाव सांगा भिया."

शेवटी तो नाव सांगायचा. काकू बारीक ब्रशने, पांढऱ्या ऑइल पेंटने, वस्तूच्या मागच्या बाजूला ते नाव आणि महिना लिहायच्या. मग वस्तू फळीवर जायची आणि सहा महिने तिथेच राहायची. सहा महिन्यांत मालक आला तर त्याची. नाही आला तर काकू चिंधीवर थोडं थिनर घेऊन नाव पुसायच्या आणि त्यानंतरच ती वस्तू विकायला निघायची. नाव आहे ते विकायचं नाही, नाव नाही ते विकायचं. दुकानाचा कायदा एवढाच.

अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. गाड्या सजवायच्या दुकानाला खेटून एक अरुंद गाळा असतो आणि तिथे गाड्यांमधून उतरवलेला कंपनीचा माल मिळतो: हॉर्न, हेडलाइट, चाकांच्या टोप्या, टेप, सीटची कव्हरं. देवासमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकूंचा गाळा होता. मागे टेकडी, पुढे ट्रकांचा रस्ता. काका कारखान्यात फिटर होते. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. काका गेल्यावर काकूंनी ते बंद केलं नाही. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण कुठल्या गाडीचा कुठला भाग हे त्या हात लावून सांगायच्या. गिऱ्हाइकांशी त्या मराठीतच बोलायच्या, फक्त जागोजागी 'भिया', म्हणजे 'भैया', पेरायच्या. तेवढ्यावर त्यांचं सगळ्या देवासशी जमायचं.

मला त्या दुकानाचा राग यायचा. माझं शिक्षण हिंदीत झालं. मराठी वाचायला मी शिकले ती वडिलांच्या लोखंडी पेटीतल्या कामगारांच्या पत्रकांवर. 'बंधूंनो, जागे व्हा' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं मराठी वाक्य. अशा मुलीला, कर्जाने गाडी घेऊन दुसऱ्याच दिवशी तिचा चांगला हॉर्न काढून टाकणारी पोरं कशी आवडणार? आणि त्या पोरांसाठी सहा सहा महिने फळी अडवून ठेवणाऱ्या काकू तरी कशा पटणार?

"काकू, ते येत नाहीत परत. ज्याला गरज आहे त्याला द्या ना."

"येतात गं."

"किती येतात?"

"येतो एखादा." त्या नाव लिहिण्यात दंग असायच्या. "आणि त्या दिवशी त्याचं तोंड बघण्यासारखं असतं."

हे खरं होतं. मी स्वतः पाहिलं होतं. एकदा एक पैलवानासारखा मुलगा मान खाली घालून आला. सायलेन्सरच्या आवाजावरून चालान झालं होतं आणि घरी वडिलांनी गाडीची चावी काढून घेतली होती. "काकी, मेरा पुराना वाला पड़ा है क्या?" काकूंनी फळीवरून त्याच्या नावाचा सायलेन्सर काढून पुढे ठेवला. मुलगा स्वतःचं नाव वाचत उभा राहिला. काकू म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, घर शांत झालं म्हणून." शेजारचा डेकोरवाला इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

मी संध्याकाळी दुकानात जाऊन बसायचे. काकू पोहे द्यायच्या, वर शेव जास्त. मी लेख लिहायचे, ते त्यांना वाचून दाखवायचे. त्या ऐकायच्या आणि शेवटी एकच शेरा मारायच्या: "फार ओरडतेस गं. कागदावरसुद्धा."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकू तीन दिवस इंदूरला गेल्या तेव्हा दुकान त्यांनी माझ्यावर सोपवलं. कायदा मला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस आला. चाळिशीचा, खांद्यावर गमछा, चपलांवर लाल धूळ. धारहून डही गावापर्यंत प्रवाशांची जीप चालवायचा. गाडीच्या कामासाठी देवासला आला होता. त्याचा हॉर्न जळला होता आणि गाडी पासिंगला न्यायची होती. नवा घेणं झेपत नव्हतं. मी फळी बघितली. हॉर्न सात होते. सहांवर नावं होती, महिने शिल्लक होते. सातवा अगदी कोपऱ्यात, काकूंच्या बसण्याच्या जागेच्या डोक्यावर होता. त्यावर नाव नव्हतं.

मी तो काढून दिला. त्याने बॅटरीला लावून बघितला. आवाज यायच्या आधी हॉर्न किंचित खरखरला, घसा साफ केल्यासारखा, मग वाजला. "चलेगा, दीदी," तो म्हणाला. मी सांगितलेल्या किमतीपेक्षा कमीच पैसे घेतले आणि वर त्याला एक छोटं भाषणही दिलं, की वस्तू ज्याच्या कामाची त्याची असते, वगैरे. त्याने ते मान हलवत ऐकून घेतलं. हॉर्न गमछ्यात गुंडाळला आणि गेला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. काहीतरी न्यायाचं आपल्या हातून झालं, असं.

तिसऱ्या दिवशी काकू डोळ्याला काळा चष्मा लावून परत आल्या. खुर्चीवर बसल्या आणि न बघता हात वर केला, कोपऱ्याकडे. हात रिकाम्या फळीवर फिरला. पुढे गेला, मागे आला. मग त्यांनी चष्मा काढला.

"इथला हॉर्न?"

"विकला काकू. त्यावर नाव नव्हतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. नाव नव्हतं."

आणि त्यांनी मला पोहे दिले.

चार दिवसांनी डेकोरवाल्याने मला हटकलं. "क्यूँ, काका का हॉर्न बेच दिया तूने?" मला काही समजेना. मग त्यानेच सांगितलं. काकांची एक छोटी पांढरी गाडी होती, सेकंडहँड घेतलेली. जावयाने हौसेने तिला दुहेरी आवाजाचा नवा हॉर्न बसवून दिला आणि कंपनीचा काढून ठेवला. त्याच वर्षी काका गेले. गाडी विकली, नव्या हॉर्नसकट. जुना फळीवर राहिला.

मी पळत काकूंकडे गेले. त्या नेहमीसारख्या कोणाचं तरी नाव लिहीत होत्या.

"मला सांगायचं तरी होतं."

"काय सांगू? तू नियमाने वागलीस."

"मग त्यावर नाव का नाही लिहिलं?"

"घरच्या वस्तूवर कोणी नाव घालतं का?" त्यांनी ब्रश थिनरच्या वाटीत बुडवला. बराच वेळ तो ढवळत राहिल्या. "आणि लिहिलं असतं तर सहा महिन्यांनी पुसावं लागलं असतं."

मी तिथेच फरशीवर बसले. काकूंनी हळूहळू सांगितलं. काका रोज संध्याकाळी वळणावर तो हॉर्न वाजवायचे. त्याच्या त्या खरखरीवरून काकूंना घरात कळायचं की हे आले. गल्लीत तशाच चार गाड्या होत्या, पण बाकीच्यांच्या हॉर्नला त्यांनी कधी मान वळवली नाही. नवा हॉर्न लागल्यावर त्या काकांना म्हणाल्या होत्या, हा मला ओळखू येत नाही. काका हसले होते. येईल सवयीने, म्हणाले होते.

सवय व्हायला वेळ मिळाला नाही.

त्यानंतर मला एक गोष्ट दिसू लागली, जी मला आधी कधी दिसली नव्हती. रस्त्यावर हॉर्न वाजला की काकू मान वर करायच्या. ट्रकच्या नाही, बसच्या नाही. छोट्या गाडीच्या, जीपच्या. क्षणभर ऐकायच्या आणि परत खाली बघायच्या. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आणि वेळ थोडा होता. काकूंची मुलगी नागपूरला असते. आईने एकटीने राहू नये असं तिचं आणि जावयाचं ठरलं होतं. दिवाळीच्या आत ती न्यायला येणार होती, गाळा मालकाला परत द्यायचा होता. काकू नको म्हणाल्या नाहीत. फक्त एकदा मला म्हणाल्या, "तो असता तर बॅगेत ठेवला असता. बाकी काय न्यायचंय मला."

मी ठरवलं, काहीही करून तो हॉर्न आणायचा.

रविवारी मी एकटी धारला गेले. जीपस्टँडवर एकेका ड्रायव्हरला विचारत फिरले. "हॉर्न ढूँढ रही हो, दीदी?" सगळ्यांना मजा वाटली. प्रत्येकाने आपापला वाजवून दाखवला. स्टँडवर अशी काही वरात निघाली की पोलीस बघायला आला. शेवटी एका चहावाल्याने सांगितलं, "डही वाला? गमछा डालता है? वो अगले इतवार मिलेगा, दोपहर में."

पुढच्या रविवारी काकूही आल्या. चांगली साडी नेसल्या होत्या. मी अदलाबदलीसाठी एक नवा कोरा हॉर्न खोक्यासकट बरोबर घेतला होता. इंदूरला बस बदलली. काकू खिडकीशी बसल्या आणि धार येईपर्यंत छोट्या गाड्यांच्या हॉर्नला मान वर करत राहिल्या.

जीप स्टँडवर उभी होती. ड्रायव्हरने मला लगेच ओळखलं. "आप तो वही, भाषण वाली." मी खाली बघत सगळं सांगितलं. त्याने काकूंकडे पाहिलं, त्यांच्या काळ्या चष्म्याकडे, आणि चेहऱ्यावरचं हसू आवरलं. "पहले बताना था ना, काकी. ले जाओ. अभी खोल देता हूँ." त्याने बॉनेट उघडलं, पाना काढला. खरोखर भला माणूस.

"आधी वाजवा भिया," काकू म्हणाल्या.

तो आत जाऊन बसला आणि त्याने हॉर्न दाबला.

आधी ती खरखर आली. काकूंनी माझं मनगट धरलं. मग हॉर्न वाजला. तो वाजत असताना त्यांच्या हाताला किती जोर होता, ते मी सांगू शकणार नाही.

"हाच," त्या म्हणाल्या.

आणि तेवढ्यात स्टँडच्या सावलीत बसलेली माणसं उठली. चहाच्या टपरीमागून दोन बायका गाठोडी डोक्यावर घेऊन आल्या. एका म्हाताऱ्याने बिडी विझवून कानावर ठेवली. एका मुलीने झोपलेल्या भावाला ओढून उभं केलं. सगळी जीपकडे चालू लागली.

ड्रायव्हर ओरडला, "बैठो, बैठो, अभी नहीं निकल रहे." मग आमच्याकडे वळून, जरा ओशाळून म्हणाला, "क्या करें, काकी. इसकी आवाज़ पे उठ जाते हैं. यहाँ दस जीपें हैं, दूसरी किसी पे नहीं उठते."

माणसं परत बसली नाहीत. जीपभोवती उभी राहिली. गाठोडी कोणी खाली ठेवली नाहीत. काकूंनी चष्मा काढला आणि त्या एकेकाकडे बघत राहिल्या. त्या दोन गाठोडीवाल्या बायकांकडे जास्त वेळ.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"काकू, असं काय करता? घ्या ना. आपण एवढ्यासाठीच आलो. चूक माझी होती."

"चुकलीसच तू. नाही कुठे म्हणते मी?" त्यांचा आवाज शांत होता. "आता तूच यांना सांग. तुमचा हॉर्न काढून नेतो आम्ही, नव्याची तुम्हाला सवय होईल म्हणून. सांग. बोलायला तर येतं तुला."

मी त्या माणसांसमोर उभी राहिले. हातात नवा हॉर्न होता. वस्तू ज्याच्या कामाची त्याची, हे वाक्य मीच याच ड्रायव्हरला ऐकवलं होतं, आणि आता काकूंना हॉर्न मिळावा म्हणून मी ते गिळायला तयार होते. पण दुसरंही कुठलं वाक्य तोंडातून निघालं नाही. म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असावं, मी भाडं विचारणार आहे. त्याने मला सरकून जागा करून दिली.

ड्रायव्हरने बॉनेट लावलं. जीप भरली. डहीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी, कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने दोनदा हॉर्न वाजवला. काकू तिथेच उभ्या होत्या. जीप दिसेनाशी झाली, धूळ बसली, तरी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चल. बस चुकेल."

परतीच्या वाटेवर कितीतरी गाड्या वाजत गेल्या. काकूंनी एकदाही मान वर केली नाही.

दिवाळीच्या आधी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जाण्यापूर्वी काकूंनी फळीवरच्या ज्यांचे महिने शिल्लक होते त्या सगळ्यांना मला डेकोरवाल्याकडून नंबर घेऊन फोन करायला लावला. एक मुलगा आला, बाकीच्यांनी तुम्हीच ठेवा म्हणून सांगितलं. ती सगळी नावं काकूंनी स्वतः पुसली, एका दुपारी, घाई न करता. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.

मागच्या महिन्यात मी त्यांना फोन केला. सातव्या मजल्यावर राहतात. डोळा आता छान आहे म्हणाल्या, लांबचं स्वच्छ दिसतं. माझा लेख वाचला का विचारलं, तर म्हणाल्या, वाचला, जरा कमी ओरडलीस. मग मी विचारलं, "तिथे करमतं का?"

"करमतं. सगळे फार करतात माझं. पण इथे रस्त्यावरचं काही वर येत नाही गं. जावई लिफ्टने येतात, दार उघडतं आणि एकदम समोरच उभे. यांच्या वेळी बरं होतं. हे वळणावर असतानाच मी चहा टाकायचे."