दूधगाडीतून फिरलेलं ईस्टरचं अंडं

आमच्या घरात ईस्टरचा एकच कायदा. पहाटे जो आधी "येशू उठला!" म्हणेल तो जिंकला, समोरच्यानं मुकाट "खरंच उठला!" म्हणायचं आणि लाल अंडं त्याच्या हवाली करायचं. आजोबांनी बाबांना हे शिकवलं, बाबांनी आम्हाला. शिकवलं कसलं, दरवर्षी हरवलं! आमचा डोळा उघडायच्या आत हा माणूस कानाशी ओरडायचा. वर आमच्यासमोर बसून, मीठ लावून लावून अंडं खायचा. लेकरांची तोंडं बघूनही घास अडकायचा नाही.

त्या दुष्काळात बाबा म्हैस घेऊन सहकारी साखर कारखान्याच्या मैदानावरच्या चारा छावणीत राहायला गेले. मालक हजर नसला की जनावराचा चारा बंद, त्यामुळे सणालाही घरी येणं नव्हतं. आईला लई वाईट वाटत होतं. मला कशाचं! म्हटलं, औंदा आपणच जिंकणार. धाकटा भाऊ तर कानाशी ताशा वाजवला तरी उठणारा नव्हता.

उन्हानं कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं होतं. कसंबसं एक मिळालं. आईनं ते कांद्याच्या टरफलांत उकळून लाल केलं आणि उरलेलं पाणी गार करून कोंबड्यांनाच पाजलं.

पहाटे मी अंगणात बाजेवर टक्क जागी. फटफटलं, आता तोंड उघडणार, तेवढ्यात रोज छावणीतलं दूध घेऊन येणारी दूध संघाची गाडी दारात येऊन थांबली. डायव्हरमामा खाली उतरले आणि अख्खी गल्ली जागी होईल असे ओरडले, "येशू उठला!"

मी ताडकन बाजेवरून उतरले.

"तुमच्या बाबांनी सांगितलंय, पोरगी बोलायच्या आत म्हना," मामा म्हणाले. "आता मला सांगा, कोन उठलाय? आन् इतक्या सकाळी कावून?"

आई हसून हसून खाली बसली. मी मात्र भांडले. माणूस छावणीत, आवाज दुसऱ्याचा, हे कसलं जिंकणं?

"निरोप त्यांचा, अंडं त्यांचं," असं म्हणत आईनं ते फडक्यात बांधून मामांपुढं धरलं. मामा दोन पावलं मागं सरले. लिंगायत माणूस, जन्मात कधी अंड्याला शिवलेला नाही. "वहिनी, जुलूम करता राव!" शेवटी मामांनी तोंड फिरवलं आणि गाडीतल्या खुंटीला ते अंडं मलाच अडकवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी अंडं परत दारात.

"बाबा म्हन्ले, लेकरांला द्या. औंदा पोरगी जितली."

माझं डोकंच फिरलं. अशी दान केलेली जीत कुणाला हवी? "त्यांना सांगा, जितले तेच. गुमान खावा म्हनावं!" आणि अंडं पुन्हा खुंटीला. पण बाप कुणाचा! तिसऱ्या दिवशी अंडं पुन्हा दारात. एव्हाना उन्हानं त्याला असा वास सुटला होता की मामांनी हातच जोडले. आईनं ते लांब उकिरड्यात नेऊन पुरलं. "हे काय आता उठायचं न्हाई," म्हणाली.

पुढं पाऊस झाला, बाबा घरी आले आणि पुन्हा दरवर्षी जिंकायला लागले. माझं लग्न झाल्यावरही सोडलं नाही. बीडला माझ्या घरी पहाटे फोन वाजायचा, आणि "हॅलो" म्हणायच्या आत मी हरलेली असायचे.

गेल्या ईस्टरला बाबा आमच्याकडेच होते. आता त्यांना ऐकू कमी येतं. मी आधी उठले, त्यांच्या खाटेजवळ गेले आणि म्हटलं, "येशू उठला!" जिंकले! जन्मात पहिल्यांदा जिंकले!

त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि लहान पोरासारखे ओरडले, "येशू उठला!"

"आजोबा, आईनं आधी..." माझी लेक बोलायला लागली. मी तिला जोरात चिमटा काढला.

"खरंच उठला, बाबा!" मी त्यांच्या कानाशी म्हटलं. मग अंडं सोललं, मीठ लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. माझ्याकडे बघत बघत सगळं खाल्लं त्यांनी, पहिल्यासारखंच.