लॅपटॉपपुढे फोडलेला नारळ

लॅपटॉपपुढे नारळ फोडताना किती अंतर ठेवावं, हे लॅपटॉपबरोबर आलेल्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. (मी नंतर सूनबाईकडून ते अख्खं पुस्तक वाचून घेतलं. नाहीच लिहिलेलं!) त्यामुळे झाला प्रकार पूर्णपणे माझ्या चुकीने झाला, असं मी आजही मानत नाही.

मी चौथी पास. पण काशिमिऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथ चालवला. केसाएवढा फरक माझ्या बोटाला कळायचा. दर दसऱ्याला आम्ही मशीन बंद ठेवायचो, धुवायचो, पुसायचो, तेल द्यायचो, हळदकुंकू लावायचो आणि पुढ्यात नारळ फोडायचो. नारळाचा मान माझा. एका फटक्यात दोन सरळ वाट्या! मॅनेजरसुद्धा बघायला खाली यायचा.

रिटायर झाल्यावर घरात पूजेला उरलं काय? मापं घ्यायचा माझा व्हर्नियर, नट आवळायचे दोन पाने आणि बायकोचं शिलाई मशीन. चार दसरे मी त्या शिलाई मशीनवर भागवले. पाचव्या दसऱ्याला सूनबाईच्या लॅपटॉपकडे माझं लक्ष गेलं.

सूनबाई म्हणजे वैशाली. शाळेत शिकवते, आणि तेव्हा शाळा सांभाळून एम.फिल. करत होती. उत्तनच्या कोळणींवर प्रबंध लिहायचा होता. दोन वर्षं दर रविवारी ती मासळी बाजारात जाऊन बसायची, बायकांशी बोलायची, घरी येऊन सगळं लॅपटॉपवर टाइप करायची. प्रबंध द्यायची शेवटची तारीख दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती. दसऱ्याच्या सकाळी ती बाइंडिंगवाल्याशी बोलायला केबिन रोडला गेली. मुलगा संजय कामानिमित्त पुण्याला. घरात मी, बायको आणि लॅपटॉप.

"अहो, तिला विचारा तरी," बायको म्हणाली.

"मशीनची पूजा करायला परवानगी लागते?"

"ते मशीन नाही. कॉम्प्युटर आहे."

"वीज खातो ना? गरम होतो ना? आवाज करतो ना? मग मशीन!"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. (म्हणजे होतं, पण लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायका उत्तरं वाया घालवत नाहीत.)

मी पाट मांडला. पाटावर लॅपटॉप, झाकण उघडं. झाकण लावून पूजा कसली? देवाचं तोंड झाकून आपण गंध लावतो का? आधी ओल्या फडक्याने अंग पुसलं. मग हळद, कुंकू, अक्षता. व्हर्नियर आणि पाने शेजारी. लॅपटॉपच्या बाजूला वैशालीची ती बोटाएवढी काडी पडलेली होती, पेन ड्राइव्ह. म्हटलं हीसुद्धा त्याच घरातली, हिला का वगळा? ती छोटी असल्यामुळे ताम्हनात व्यवस्थित मावली. तिला पंचामृताने आंघोळ घातली. दूध, दही, तूप, मध, साखर, काही कमी केलं नाही!

आणि मग नारळ. एका फटक्यात दोन सरळ वाट्या झाल्या. हात अजून शाबूत आहे, या आनंदात मी वर बघितलं, आणि खाली बघेपर्यंत नारळाचं निम्मं पाणी एबीसीडीच्या फटींतून आत गेलं होतं.

"गेलं!" बायको ओरडली.

"ओरडू नकोस. तीर्थ आहे ते."

पण मशीनमध्ये पाणी गेलं की काय करायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उलटं करून झटकलं. गॅलरीत उन्हात ठेवलं. नंतर गंज चढू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि प्रत्येक बटणाच्या फटीत एकेक थेंब सोडला. स्पेसबारला तीन. (लांब आहे ना तो!)

मग बटण दाबलं. चालू झाला! मी बायकोकडे विजयी नजरेने बघितलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, आणि फट्‌कन बंद. पुन्हा आपोआप चालू, पुन्हा अक्षरं, पुन्हा बंद. दारापर्यंत येऊन, काहीतरी विसरलंय म्हणून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं चाललं होतं. मी सगळं पुसलं, लॅपटॉप आणि काडी जागच्या जागी ठेवली आणि पेपर उघडून बसलो. पेपर कालचा होता.

वैशाली आली. बटण दाबलं. चार वेळा दाबलं.

"बाबा, याला काय झालं?"

"काय झालं?"

"सकाळी नीट चालत होता."

"दसरा आहे. मशीन आज विश्रांती घेतं."

ती ओरडली नाही की रडली नाही. नुसती खाली फरशीवर बसली. "शेवटची दोन प्रकरणं यातच आहेत, बाबा. दोन वर्षं..." मग एकदम तिचा चेहरा उजळला. "पण कॉपी आहे! पेन ड्राइव्हवर सगळं आहे!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी कालचा पेपर परत पहिल्यापासून वाचायला घेतला.

सणाच्या दिवशी दुकान कुठलं उघडं मिळणार? वैशालीला नया नगरातलं एक माहीत होतं. "मीही येतो," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. रिक्षात तिने लॅपटॉप मांडीवर असा धरला होता, जसं तापाने फणफणलेलं मूल.

दुकान एका बाईचं होतं. नाव तबस्सुम. तिशीची असेल. बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात दातकोरण्याएवढा स्क्रू-ड्रायव्हर. तिने आधी पेन ड्राइव्ह घेतला, टोपण काढलं, आत बघितलं, नाकाजवळ नेला.

"मॅडम, इसमें दही किसने जमाया?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"लॅपटॉप पे कुछ गिरा था क्या, बाबा?"

"कुछ नहीं," मी ताठ मानेने सांगितलं.

तिने स्क्रू काढले. किती बारीक, आणि किती भराभर! एकाचीही चीर खराब नाही, एकही खाली सांडला नाही. माझ्या हाताखाली अशी एक मुलगी असती, तर मी कारखाना तिच्यावर सोडून गावाला गेलो असतो. मग तिने बटणांची पाटी उचलली आणि माझी झडती सुरू झाली.

"ये क्या है? चावल?"

"अक्षता," मी म्हटलं.

"और ये लाल?"

"कुंकू."

"ये चिपचिपा? नारियल का पानी ना?"

"थोडा."

"और तेल?"

"मशीन का तेल है. अच्छेवाला."

"बाबा!" वैशाली एवढंच बोलली. पण त्या एका 'बाबा'त एकतीस वर्षांची माझी नोकरी वाहून गेली.

"मॅडम, मशीन तो गया," तबस्सुम म्हणाली. "लेकिन रुको. माल शायद ज़िंदा हो."

तिने पोटातून एक चपटी पेटी काढली. तपकिरीच्या डबीपेक्षा थोडी मोठी. मी पुढे वाकलो. लॅपटॉपच्या आत बघतो तर दातेरी चाक नाही, पट्टा नाही, शाफ्ट नाही. हिरव्या पाटीवर सोन्याच्या रेघा, जणू रात्री डोंगरावरून अख्खं गाव दिसावं. आणि काम होतं कुठे? हलतंय काय? काहीच नाही!

"पूरा दो साल का काम इस डब्बे में?" मी विचारलं.

"इसमें तो आपके पूरे मोहल्ले का सौ साल का काम आ जाएगा, बाबा."

तिने ती पेटी एका वायरीने आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पेटी कानाजवळ धरून तिने ऐकली (आम्ही बेअरिंग ऐकायचो, तश्शी!) आणि माझ्याही कानाला लावली. आत काहीतरी बारीक, एकसारखं घुमत होतं. माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षांतले सगळे रविवार, उत्तनच्या त्या सगळ्या बायका, त्यांचं बोलणं, भांडणं, मासळी, सगळं त्या घुमण्यात होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. सकाळी मंत्र म्हणून जे आलं नव्हतं, ते तिथे आलं. खाली बघितलं तर मी चपला बाहेर काढून आत आलो होतो. कधी काढल्या, आठवत नाही.

पडद्यावर नावांची रांग लागली. "आ गया!" तबस्सुम म्हणाली. वैशालीने माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होता.

"खोल के देखती हूँ, फाइल सही है कि नहीं."

"पहिलं पान नको!" वैशाली एकदम पुढे झाली. "शेवटचं उघडा!"

पण उघडलं ते पहिलंच. आणि तबस्सुमला दहावीला मराठीत चांगले मार्क होते, हा आमच्या घराण्याचा योग! तिने मोठ्याने वाचलं, "अर्पण. माझ्या सासऱ्यांना, ज्यांच्या हातून आयुष्यात एकही मशीन बिघडलं नाही."

तबस्सुमने पडद्याकडे बघितलं. मग तेलात पोहणाऱ्या अक्षतांकडे. मग दही लागलेल्या पेन ड्राइव्हकडे. मग माझ्याकडे. आणि ओढणी तोंडाला लावून ती खुर्चीतच कोलमडली. मग वैशाली हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मी दोघींच्या मध्ये अनवाणी उभा.

"और नारियल किसको खिलाया?" डोळे पुसत तबस्सुमने विचारलं. दुसऱ्या दिवशी बायकोने त्याच नारळाच्या वड्या करून तिला पाठवल्या.

त्या संध्याकाळी मी वैशालीला म्हटलं, "सूनबाई, ते वाक्य काढून टाक. खोट्याला युनिव्हर्सिटीचा शिक्का नको."

"काढणार नाही बाबा. दुरुस्त करते," ती म्हणाली.

प्रबंध वेळेवर गेला. काळ्या कापडाची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. आमच्या घरी एक प्रत आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी चहाच्या आधी तिचं पहिलं पान उघडून दाखवतो: "माझ्या सासऱ्यांना, ज्यांच्या हातून आयुष्यात एकच मशीन बिघडलं. ज्यावर हा प्रबंध लिहिला, ते."

लोक हसतात. हसू देत! अख्ख्या आयुष्यात फक्त एक, असं लेखी, तेही युनिव्हर्सिटीच्या शिक्क्यासकट, आमच्या कारखान्यात दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्याने आणून दाखवावं!