कमलच्या वहीतली शेवटची ओळ

देवासच्या मराठी घरांत मुलगी उजवायची वेळ आली की लोक नारायणरावांकडे यायचे. पत्रिका जुळवायचे नारायणराव, पण स्थळाची खरी पारख त्यांच्या बायकोची. कमल वहीत प्रत्येक स्थळापुढे एका ओळीचा शेरा लिही: 'मुलगा सोन्यासारखा, पण आईपुढे तोंड उघडणार नाही.' लोकांच्या घरची गुपितं होती ती. २००४ साली कमल गेली आणि ही वही कुणाच्या हाती लागू नये, याचा घोर नारायणरावांना लागला.

शेजारचा अनीश कॉम्प्युटर शिकवायचा. त्याने एक प्रोग्राम दाखवला. त्यात वाक्य टाकलं की बत्तीस अक्षरांचा 'हॅश' निघे, कुणाच्या बापाला वाचता न येणारा. नारायणराव खूश! कारखान्यातून रिटायर झालेल्या या भोळ्या माणसाने तीन महिने एका बोटाने टाइप करून अख्ख्या वहीचे, एकेका ओळीचा एक, असे हॅश करून ठेवले. लिहिलेला कागद कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून नेमावरला जाऊन वही हात जोडून नर्मदेत सोडली. परत येऊन म्हणाले, "हं, आता उलटं करून दाखव."

अनीशचा चेहरा उतरला. "काका, ये उलटा नहीं होता. पिठाचे परत गहू होतात का?"

"अरे, कुलूप आहे तर किल्ली असेलच की!"

"हे कुलूप नाहीच. अंदाजाने वाक्य टाकत राहायचं. हॅश जुळला, तर ते वाक्य तेच. पण एक वेलांटी चुकली तरी सगळा हॅश बदलतो."

स्थळांचं नारायणरावांना काही वाटलं नाही, त्यांची लग्नं कधीच लागली होती. जीव अडकला तो शेवटच्या ओळीत. आजारपणात कमलने नवऱ्याच्या नावापुढेही शेरा लिहिला होता. वाचून ते हसले होते, रडलेही होते. नेमके शब्द मात्र आठवेनात. आवडलेलं वाक्य माणूस पाठ थोडंच करून ठेवतो!

मग रोज चहा झाला की ते बसायचे. 'साखर मागत नाहीत, पण बरणीकडे बघत बसतात.' जुळलं नाही. 'रागावतात, पण जेवण झाल्यावर.' नाहीच. सगळी वाक्यं कमलच्याच तोंडची, कधी स्वयंपाकघरात, कधी धारच्या बसमध्ये ऐकलेली. तेच वाक्य पुन्हा टाकलं जाऊ नये, म्हणून ते एका नव्या वहीत उतरवून ठेवत.

दोन वर्षांनी अनीशने भीत भीत विचारलं, "काका, जुळलं का?"

"नाही रे भिया." नारायणरावांनी शंभर पानं भरलेली वही त्याच्या हातात ठेवली. "पहिल्याच दिवशी जुळलं असतं, तर तिथेच थांबलो असतो ना."