खुनी कोण, रविवारी चार वाजता

"नवी मुलगी तोंडच उघडत नाही. कादंबरी डोक्यावरून जात असेल. पुढच्या पुस्तकाला तिला सोडूनच देऊ या का?"

वसुधाकाकूंचं स्वयंपाकघरातलं हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी दाराशी बूट काढत होते. लग्न होऊन हॅम्बर्गला आले त्याला चार महिने. मराठी बोलायला नवरा आणि काकूंचा वाचनकट्टा, एवढंच. त्यातला नवरा आठवडाभर मीटिंगमध्ये! कट्टा सुटला असता तर संपलंच. शिवाय गप्प बसणाऱ्याकडे किस्से साठतात ते वेगळंच.

कादंबरी जाडजूड. एका निवृत्त न्यायाधीशाचा खून. दर रविवारी एक प्रकरण, काकू मोठ्याने वाचणार.

*

काकूंचे यजमान डीटर. जर्मन, पण तीस वर्षांत मराठी कळायला लागलंय. खुनाचं प्रकरण वाचताना काकूंचा आवाज कापत होता. डीटर ताडकन उठले.

"रविवारी दुपारी गोळी? रुहेत्साइटमध्ये? शांततेच्या वेळेत आवाज, आणि एकाही शेजाऱ्याने तक्रार केली नाही?"

त्यांचा संशय शेवटपर्यंत शेजाऱ्यांवरच!

*

मंगेश सॉफ्टवेअर टेस्टर. त्याने संशयितांची एक्सेल शीट केली, ऑफिसातल्या बगसारखं प्रत्येकाच्या नावाचं एक तिकीट.

"माळ्याचा मोटिव्ह रिप्रोड्यूस होत नाही. तिकीट क्लोज!"

पुढच्या रविवारी माळी एका वाक्यात नुसता खोकला.

"रीओपन!"

*

माझ्या नवऱ्याचा, निखिलचा, संशय डॉक्टरवर. का? तर तो फार गोड बोलतो.

"इतकं गोड माझा बॉस बोलतो. अप्रेझलच्या आधी!"

*

एका प्रकरणात न्यायाधीशाची बहीण सहा पानं नुसती त्याच्या शर्टांच्या घड्या घालते. मंगेश वैतागला. "ॲक्शन कुठाय, काकू?"

"हीच ॲक्शन! शेवटच्या शर्टाची घडी तिने मोडून पुन्हा घातली, ऐकलंस ना?"

डीटरनी चष्मा पुसला. मलाही भरून आलं.

काकूंनी पुस्तक मिटलं. "हीच खुनी. माझी नणंद अश्शाच घड्या घालते!"

*

शेवटच्या प्रकरणाचा रविवार. वाचनाआधी प्रत्येकाने खुनी सांगायचा. शेजारी, माळी, डॉक्टर, बहीण... सगळे मोठमोठ्याने भांडून झाले. मग काकू माझ्याकडे वळल्या.

"बोल गं. कळलं नसेल तरी चालेल. अंदाजाने सांग."

"अहो काकू, ती जरा..." निखिल मला वाचवायला निघाला.

मी कप खाली ठेवला.

"काकू, हे पुस्तक मी लग्नाआधी तीनदा वाचलंय. दर रविवारी येते, ती तुम्ही कोणावर संशय घेता ते बघायला."