मूर्ती पोहोचली म्हणे

मंडळी, दरवर्षी पेणहून गणपती मांडीवर घेऊन एसटीने रोह्याला आणतो. यंदा गुडघे धरलेत, म्हणून ऑनलाइन कंपनीकडून मागवला.

आज सकाळी त्यांच्या पेणच्या गोदामातून फोन आला. "काका, मूर्तीचा हात तुटलाय. मोबाइलवर आलेला ओटीपी नंबर सांगा, तक्रार नोंदवतो." घाबरून सांगितला. लगेच मेसेज आला, "मूर्ती पोहोचली."

कंपनीला फोन केला. बाई म्हणाली, "आमच्याकडे पोहोचलेली दिसते."

"अगो बाय, घरी पाट रिकामाच हाय! पैसे नको, तुटलेली मूर्ती तरी द्या. नदीत विसर्जन करतो."

"तुटलेला माल कचऱ्यात जातो, काका."

बायको चप्पल घालून उभी आहे, पण गोदामाचा पत्ता कोणी देत नाय. पेणमध्ये कोणाला माहीत आहे का? लवकर सांगा, कचऱ्याची गाडी यायच्या आत.