मिलला सुट्टी नाही

गोव्याला जायचं ठरलं ते डुमसच्या पाण्यामुळे. उन्हाळ्यातल्या एका रविवारी पोरांना घेऊन सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर गेलो होतो. टोमॅटोची भजी झाली, उंटावर बसून झालं, आणि मग माझी पाच वर्षांची मुलगी काठावर उभी राहून म्हणाली, "मम्मी, आ तो गंदुं छे." तिने मोबाईलवर निळा समुद्र बघितला होता, नारळाची झाडं आणि पांढरी वाळू बघितली होती. त्यापुढे आमचा काळा चिखल आणि मातकट पाणी म्हणजे तिला शुद्ध फसवणूक वाटली. घरी येईपर्यंत ती रडत होती, आणि तिचं बघून अडीच वर्षांचा धाकटाही.

मला निळ्या पाण्याचं काही पडलं नव्हतं. नवरा म्हणाला, दिवाळीत गोव्याला जाऊ, हॉटेलात राहू, तेव्हा मला फक्त हॉटेल हा शब्द ऐकू आला. म्हणजे सकाळचा चहा दुसरं कोणीतरी करणार. मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की तो जरा दचकलाच.

दिवाळीत आमच्याकडे कोणी कुठे फिरायला जात नाही. नवरा कापडाच्या मिलमध्ये. मिल बंद झाली की नवागामच्या आमच्या गल्लीतली निम्मी दारं कुलुपात जातात आणि सगळे खान्देशात आपापल्या गावी निघतात. आमचं गाव दोंडाईच्याजवळ. लग्न झाल्यापासून एकही दिवाळी मी सुरतेत काढलेली नाही. उधना स्टेशनात गाडीत चढताना एक पोर माझ्या कडेवर, एक त्याच्या खांद्यावर, बॅगा देवाच्या भरवशावर. नवापूर येईपर्यंत दोन्ही पोरं ओकलेली असतात. घरात पाऊल टाकलं की मी एकुलती सून. चुलीपुढे बसायचं ते भाऊबीज उरकेपर्यंत. नणंदा, त्यांचे नवरे, त्यांची पोरं, आल्यागेल्याचा चहा. शाळेत वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांपुढे घसा फोडायचा आणि सुट्टी लागली की भाकऱ्या थापायच्या. सासूबाई वाईट नाहीत, उलट माझ्या आधी उठतात आणि माझ्या नंतर झोपतात. पण म्हणूनच मला बसता येत नाही. सासू उभी असताना सुनेने बसायचं कसं?

मला एकदाच, एक दिवाळी, काही न करता बसायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

लहान पोरांना घेऊन फिरायला जायचं तर आधी दोन महिने राबावं लागतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात रेल्वेचं बुकिंग उघडलं. मी स्टाफरूममध्ये आणि तो मिलमध्ये, दोघं आपापल्या मोबाईलवर एकाच वेळी बटणं दाबत होतो. त्याचं मिळालं, माझंही मिळालं, मग एक रद्द करायची खटपट. हॉटेलवाल्याला मी विचारलं की रात्री दूध गरम करून मिळेल का. तो म्हणाला, मॅडम, आपलं बीचला लागून आहे. मी म्हटलं, ते कळलं, पण दूध? तो म्हणाला, स्विमिंग पूल पण आहे. असं आमचं संभाषण तीनदा झालं.

शेजारच्या गुजराती भाभी दरवर्षी कुठेतरी जाऊन येतात. त्यांनी मला शहाणं करून सोडलं. थेपले घ्या, खाकरे घ्या, सुकी चटणी घ्या, छोटी विजेची शेगडी घ्या, खिचडीचं सामान घ्या, तिकडे सगळीकडे मासळीचा वास असतो आणि पोरं उपाशी राहतात. मी ऐकत गेले आणि माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघर माझ्यासोबतच गोव्याला निघालं आहे. एवढं करूनही मी शेगडी घेतली. आई झाल्यावर माणूस भित्रं होतं.

मुलीने पोहायची हवेची रिंग आणायला लावली आणि ती कमरेला घालूनच जेवू लागली. धाकट्याची चड्डी ओली करायची सवय जेमतेम सुटली होती, ती प्रवासात परत लागणार याची मला खात्री होती. नवऱ्याला मिलमधले चिडवत होते, गोव्याला जायचं आणि बायकापोरं घेऊन, म्हणजे देवळात जाऊन प्रसाद न घेता येण्यासारखं. तो घरी येऊन हे मला हसत सांगायचा. मला हसायचंही त्राण नसायचं.

पण खरं घोडं वेगळीकडेच अडलं होतं. गावाकडे सांगायचं कोणी? मी म्हणाले, आई तुझी, तू सांग. तो म्हणाला, रविवारी सांगतो. असे चार-पाच रविवार गेले. दसरा झाला तेव्हा सासूबाईंनीच फोन करून विचारलं, कधी निघता. तो खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "माय, यंदा मिलले सुट्टी नही. मशीननं काम काढेल शे."

मी कपाळाला हात लावला. हा फोल्डिंगचा, म्हणजे कापडाच्या घड्या घालणाऱ्या खात्याचा सुपरवायझर. मशीन दुरुस्तीशी याचा काडीचा संबंध नाही. पण पलीकडून सासूबाई फक्त बरं म्हणाल्या. कामाचं आधी बघ म्हणाल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, बघ, किती सोपं होतं. आणि जेवताना अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला.

तो एक गोष्ट विसरला होता. आमचं निम्मं गाव सुरतेत कामाला आहे. सुरतेत बोललेलं खोटं संध्याकाळच्या बसने गावात पोचतं.

आठवड्याभराने मधल्या सुट्टीत मला सासूबाईंचा फोन आला. त्या मला शाळेत कधीच फोन करत नाहीत, म्हणून मी घाईने वऱ्हांड्यात येऊन तो घेतला. त्यांनी आधी पोरांची तब्येत विचारली, मग माझी. मग म्हणाल्या की मागच्या गल्लीतला अमक्याचा मुलगा त्याच मिलमध्ये आहे, तो धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गावी येतोय, मिल तर सगळीच बंद राहणार आहे. वऱ्हांड्यात पोरं डबे उघडून बसली होती, त्यांच्यावर ओरडायचं निमित्त करून फोन ठेवावा असं मला वाटलं.

त्यांनी विचारलं, कुठे चाललात? मी सांगितलं. तिथे समुद्र आहे का? आहे म्हटलं. मी मनातल्या मनात सगळं रद्द करून टाकलं होतं, तिकिटं, हॉटेल, दूध.

मग त्या म्हणाल्या, "त्याले सांगू नको माले समजनं म्हनीसन. तो लगेच गाडीमा बठीसन इथं येई जाई."

नाही सांगणार म्हटलं, पण मला कळेना. मी विचारलं, आई, तुम्हाला राग नाही आला?

राग कसला, त्या म्हणाल्या. मग हळूहळू, कोणी ऐकत असल्यासारख्या, त्यांनी सांगितलं. मुलगा येणार नाही कळलं त्याच दिवशी त्यांनी दोन्ही मुलींना फोन करून टाकला होता, यंदा भाऊ येत नाही, तुम्हीही सासरीच दिवाळी करा. भिंतींना रंग द्यायचं रद्द केलं होतं. फराळाला फक्त शेव करणार होत्या, तीही वाटलं तर. "तुम्ही येतस ते गोड लागस, बाई. पन तुम्ही गयात का माले आठ दिन उठता येत नही. हाई तोंडानी सांगता येत नही कोनले."

इतकी वर्षं मी तिथे चुलीपुढे बसून वाट बघत होते की कधी एकदा सुरतेला परत जाते. समोर पोळ्या लाटणारी बाईही तीच वाट बघत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पहिल्यांदा मला वाईटच वाटलं, म्हणजे यांना आम्ही नकोच आहोत की काय असं. घंटा झाली, मी वर्गात गेले, आणि पाढे म्हणून घेता घेता ते वाईट वाटणं उतरलं. मला तरी त्या कुठे हव्या होत्या दिवाळीत? प्रेम असतं, पण कंबरही असते.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नवरा मिलमधून आला तो तोंड पाडून. अर्ध्या भरलेल्या बॅगांमध्ये बसला आणि म्हणाला की त्याला जमणार नाही. आई म्हातारी, एकटी, दिवाळीत दारात दिवा लावायला कोणी नाही, आणि आपण समुद्रावर लोळणार. तिकिटं रद्द करू, रात्रीच्या गाडीने गावी जाऊ, तिला केवढा आनंद होईल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाईट माणूस नाही, उलट त्याच्या चांगुलपणाचीच मला त्या घडीला भीती वाटली.

खरं सांगितलं असतं तर त्याला लागलं असतं. आणि मी शब्द दिला होता. मी थेपल्यांचा डबा बॅगेत कोंबत म्हणाले, "मिलला सुट्टी नाही असं सांगितलंयस ना तिला? मग आता कोणत्या तोंडाने जाणार?"

तो उठून शेगडी बांधायला लागला.

गोव्याचं पाणी निळं होतं. मुलगी त्यातून बाहेर यायला तयार नव्हती, त्यामुळे मी सकाळपासून गुडघाभर पाण्यात उभी. धाकट्याने पहिल्याच दिवशी वाळू खाल्ली आणि मग शेगडीवरच्या पातळ खिचडीशिवाय त्याला काही चालेना. हॉटेलचा चहा मी एकदाही गरम प्यायले नाही. रात्री दोघंही माझ्याच अंगावर पाय टाकून झोपायची. नवरा म्हणायचा, मजा येतेय ना? मी हो म्हणायचे.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्याने काठावरूनच आईला फोन लावला, नुसता आवाजाचा, चित्राचा नाही. मागे लाटा आपटत होत्या. तिकडून विचारणा झाली असावी, कारण तो म्हणाला, बॉयलरचा आवाज आहे. पोरांचा ओरडा लपेना म्हणून वर म्हणाला, आज पोरांना मिल दाखवायला आणलंय. मग घाईघाईने फोन माझ्या हातात देऊन तो मुलीमागे पाण्यात धावला.

सासूबाईंचा आवाज जड होता. मी घाबरून विचारलं, तुम्ही रडत होतात का?

"नही वं," त्या म्हणाल्या. "आत्तेच झोपीसन उठनी."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी. त्या घरात त्या दिवशी दुपारी कोणी पाठ टेकलेली मी कधी बघितली नव्हती. मला आनंद झाला, पण त्याआधी हेवा वाटला, इतका की माझे पाण्यातले पाय दुखायला लागले. त्यांनी विचारलं, तुला आराम मिळाला का. मी म्हणाले, नाही आई, अजिबात नाही.

मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढला साले बी मिलमा काम राही का?"

मी म्हटलं, राहील.